झाडं, पाऊस आणि नदीचं घटलेलं पाणी: हिशेब कसा मांडायचा

डोंगराळ भागातली नदी रोडावली की लगेच दोन तट पडतात. कुणी पावसाला दोष देतं, कुणी जंगलतोडीला. पण झाडं तोडल्यावर नदीचं वर्षभराचं एकूण पाणी बहुधा वाढतं. बॉश आणि ह्यूलेट या संशोधकांनी 1982 साली 94 पाणलोटांवरचे प्रयोग एकत्र तपासले. सूचिपर्णी जंगलाचं आच्छादन 10 टक्क्यांनी घटलं की वार्षिक प्रवाह साधारण 40 मिमी वाढतो, असं त्यातून दिसलं. झुडपांच्या बाबतीत हाच आकडा 10 मिमीच्या आसपास. जंगलात बराच पाऊस पानांवरूनच वाफ होऊन जातो, आणि खोल मुळं कोरड्या महिन्यांतही पाणी ओढत राहतात.

हवामानाचा वाटा त्याहून फसवा. समजा, वर्षाचा पाऊस 1000 मिमी आणि बाष्पीभवनाची क्षमता, म्हणजे पाणी भरपूर असेल तर हवा वर्षात जितकं ओढून घेईल तो आकडा, तीही तेवढीच. पाऊस, ही क्षमता आणि वनस्पतींचा प्रकार यांवरून हवेत जाणारं पाणी काढणाऱ्या झांग यांच्या 2001 च्या सूत्राने जंगलातून 750 मिमी हवेत जातं, नदीला 250 उरतं. गवताळ उतारावर 400. आता जंगल तसंच ठेवून पाऊस 900 वर आणा. नदीला जेमतेम 197. पाऊस 10 टक्के घटला, नदी 21 टक्के! पाऊस न बदलता बाष्पीभवनाची क्षमता 5 टक्के वाढवली, तर 250 चे 235 होतात.

घोटाळा पुढे होतो. बरेच जण हवामानाचा परिणाम असा काढतात आणि उरलेली घट सरळ वनस्पतींच्या नावावर टाकतात. त्या बाकीत कालव्याने उचललेलं पाणी असतं, वितळत्या हिमनदीचं जास्तीचं पाणी असतं आणि मोजणीच्या चुकाही असतात. पर्जन्यमापक बहुधा दरीत, पाऊस मात्र वरच्या उतारावर जास्त. शिवाय वाऱ्यात मापक बर्फ कमीच पकडतो. म्हणून आधी कालव्याचा उपसा मोजलेल्या प्रवाहात परत जमा करा, हिमनदीचं पाणी वेगळं काढा आणि किमान दहा वर्षांच्या सरासरीवरच सूत्र लावा. एकेका वर्षाला लावलं तर भूजलातला चढउतार सगळं बिघडवतो.

बर्फाच्या खोऱ्यात वार्षिक सूत्रापुरतं थांबूच नका. तापमान वाढलं की बर्फाऐवजी पाऊस पडतो, साठलेला बर्फ लवकर वितळतो. वर्षाची बेरीज फारशी न हलताही उन्हाळ्यातला प्रवाह कोसळू शकतो. तोडलेल्या जंगलाचंही तसंच: माती दबली, पाणी मुरेनासं झालं, तर वाढलेलं पाणी पुरातच वाहून जातं. महिनावार आलेख वेगळा काढाच.