अ‍ॅकिलची पोरं, पण अ‍ॅकिल कुठंय?

रविवार, रात्री उशिरा

झोपायच्या आधी दहा मिनिटं म्हणून लॅपटॉप उघडला आणि परत रॉबर्ट हेन्राय या अमेरिकन चित्रकाराने रंगवलेल्या आयरिश पोरांमध्ये अडकले. (स्पेलिंग फ्रेंच हेन्रीचं, पण तो स्वतः हेन्राय म्हणायचा. आणि मूळ आडनाव तर कोझॅड. बापाने 1882 मध्ये नेब्रास्कात भांडणात एका माणसाला गोळी घातली, मग सगळं घर तिथून पळालं आणि नावं बदलून राहिलं. ही स्टोरी वेगळीच आहे, असो.)

तर ही पोरं. आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो काउंटीत अ‍ॅकिल नावाचं बेट आहे, तिथल्या डूआ गावची. हेन्राय पहिल्यांदा गेला 1913 च्या उन्हाळ्यात, गावाच्या वर कॉरीमोर हाउस नावाचा बंगला भाड्याने घेतला, जो आधी कॅप्टन बॉयकॉटचा होता, हो तोच, ज्याच्या नावावरून बहिष्काराला बॉयकॉट म्हणतात. मग मध्ये युद्ध, बाकी गडबड, आणि 1924 मध्ये परत गेला तो बंगला विकतच घेतला. त्यानंतर 1928 पर्यंत दरवर्षी तिकडे. गावातली पोरं वर बंगल्यावर यायची, बसायची, बसल्याचे पैसे मिळायचे.

चित्रं बघितली तर साधी आहेत. छातीपर्यंतचं पोर, मागे नुसता रंग, आणि ते सरळ तुमच्याकडे बघतंय. गाल लालबुंद, समुद्रावरच्या वाऱ्याने तडकलेले असावेत तसे, पण नीट बघितलं की त्या लालात शेजारी हिरवट आणि जांभळा पण दिसतो. कॉलर म्हणजे ब्रशचे चारपाच जाड फटकारे. केस विस्कटलेले. घोटून गुळगुळीत काही केलेलंच नाही, शक्यतो एका बैठकीत संपवायचं अशी त्याची पद्धत. ते बरोबरच आहे, पोर किती वेळ बसणार? मी भाचीचं स्केच करायला बसले होते तर नाक होईपर्यंत मॅडम फ्रिज उघडून उभ्या.

आता मला जे खटकतंय ते लिहिते. हा माणूस न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या विद्यार्थ्यांना काय सांगायचा, तर गल्लीबोळ रंगवा, दारूचे गुत्ते रंगवा, जे समोर आहे ते रंगवा. बेलोज, हॉपर हे पुढे गाजलेले चित्रकार त्याच्याच वर्गातले. अ‍ॅशकॅन स्कूल म्हणतात त्या, शहरातलं रोजचं जगणं रंगवणाऱ्या चित्रकारांच्या गटाचा हा म्होरक्या. आणि तोच अ‍ॅकिलला गेल्यावर समोरचं सगळं गाळून टाकतो. घर नाही, चूल नाही, बटाट्याचं शेत नाही. फक्त चेहरा. याला रियलिझम म्हणायचं का? माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं आहे की हा सरळ टुरिस्ट होता, गोड पोरं रंगवली आणि अमेरिकेत नेऊन विकली.

पण जे गाळलं ते काय होतं ते वाचलं की पोटात गोळाच येतो. अ‍ॅकिलची मोठी पोरंपोरी दर उन्हाळ्यात बटाटे काढायला स्कॉटलंडला जायची, कारण घरच्या जमिनीत भागत नव्हतं. 1894 मध्ये असेच स्कॉटलंडच्या बोटीकडे निघालेले लोक मेयोच्याच किनाऱ्यावरच्या क्ल्यू बे या उपसागरात शिडाची होडी उलटून बुडाले, 32 जण. तेव्हा अ‍ॅकिलची रेल्वे अजून नीट सुरूपण झाली नव्हती, स्पेशल गाडीने मृतदेह आणले. आणि सप्टेंबर 1937 मध्ये, ती रेल्वे बंद व्हायला काही दिवस उरले असताना, स्कॉटलंडच्या किर्किंटिलॉकला मजुरांच्या झोपायच्या खोलीला आग लागली, 10 मुलगे गेले, सगळ्यात लहान 13 चा आणि मोठा 23 चा. तेही त्याच रेल्वेने घरी आले. हेन्रायने 1924 ते 28 मध्ये जी सातआठ वर्षांची पोरं बसवली ती 1937 मध्ये याच वयाची. म्हणजे त्याच पिढीची पोरं ही.

हे कळल्यावर चित्र बदलतं का? माझ्यासाठी बदललं, पण मैत्रीण म्हणते त्या दिशेने नाही. त्याने फाटका फ्रॉक, अनवाणी पाय, अंधारी झोपडी सगळं घातलं असतं तर न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात लोकांनी अरेरे म्हटलं असतं आणि पुढे गेले असते. इथे अरेरे म्हणायला जागाच ठेवलेली नाही. काही पोरं तर चक्क कंटाळलेली आहेत, एखादं हसू दाबतंय, एखादं म्हणतंय किती वेळ लागणार अजून. 1923 च्या ‘द आर्ट स्पिरिट’ या पुस्तकात तो सांगतोच की मुलाचं चित्र करताना वरून खाली बघायचं नाही, आदराने बघायचं. बोलायला सोपं आहे, पण यातल्या बऱ्याच चित्रांत ते खरंच दिसतं. सगळ्यात नाही हां. काही नुसती गोड आहेत, गाल लाल, डोळे मोठे, झालं. विकायची घाई असावी असं वाटतं.

मैत्रिणीचं एक मात्र मला पटतं. चित्रं समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला गेली आणि बसलेली पोरं बटाट्याच्या शेतात. बसायचे पैसे मिळाले, बरं झालं, पण चित्रांवर जे मिळाले त्यापुढे ते किती असणार. आणि अजून एक, काही चित्रांच्या खाली पोराचं नाव आडनावासकट आहे आणि काहींच्या खाली नुसतं ‘आयरिश मुलगी’. एवढा आदरबिदर म्हणतोस तर नाव लिहायला काय झालं होतं रे बाबा? गावात तर सगळे एकमेकांना ओळखत होते.