मामाचं दुक्म

आज संध्याकाळी नेरूळला पाम बीचच्या बाजूला मामासोबत दोन चकरा मारल्या. पंधरा वर्षं ओमानला पायपिंगची कामं करून आलाय, शेवटची दुक्मला.

दुक्म म्हणजे मस्कतपासून सुमारे ५५० किलोमीटरवरचं, एकेकाळचं मासेमारीचं गाव. तेल जन्मभर पुरणार नाही, आणि सगळं मस्कतभोवतीच साचायला नको, म्हणून २०११ मध्ये तिथे विशेष आर्थिक क्षेत्र काढलं. बंदर, ड्राय डॉक (जहाज दुरुस्तीची कोरडी गोदी), विमानतळ. आणि मोठा प्रकल्प कसला? तेलशुद्धीकरणाचा! रोज २,३०,००० बॅरल. मी हसलो, तर मामा चिडलाच.

"अरे, २०१४ ला कच्च्या तेलाचा भाव ११० डॉलरच्या वर, २०१६ च्या जानेवारीत ३० च्या खाली. आमचा ओव्हरटाइम तेव्हाच बंद झाला. नुसता ऊस विकण्यापेक्षा गूळ केलेला बरा की नाही?"

पटलं, पण अर्धंच. गूळही शेवटी उसाचाच ना.

मग म्हणाला, "रस्ते, दिवे सगळं तयार, माणसंच कमी. आपल्या सुरुवातीच्या वाशीसारखं." खरंय, नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची, पण १९९२ ला वाशीला लोकल आली तेव्हा कुठे लोक हलले. दुक्मला लोकल कुठली यायला!

तेवढ्यात भेळवाला दिसला आणि ओमान तिथेच राहिलं.