असू दे, लागेल

फलटणला मावशीच्या गल्लीत मोटरसायकलवर एक माणूस येतो. मागे टब, बादल्या, प्लॅस्टिकची स्टुलं एकात एक अडकवून बांधलेली, पुढे हँडलला कर्णा. कर्ण्यातून रेकॉर्ड केलेला आवाज : "बंद पडलेले, फुटलेले, पाण्यात पडलेले मोबाइल द्या, टब घ्या, बादली घ्या!" याच गल्लीत पूर्वी बोहारीण यायची. साडी उजेडात धरून विरलेली जागा शोधायची आणि भाव पाडायची. मावशी एका पातेल्यासाठी तिच्याशी तासभर हुज्जत घालायची आणि शेवटी वर एक वाटी काढून घ्यायची. जुन्या साडीची किंमत दोघींनाही पक्की ठाऊक असे, म्हणून त्या हुज्जतीला रंग चढायचा. मोटरसायकलवाल्यापुढे मावशीचं काही चालत नाही. फोनच्या पोटात काय आहे ते त्याला माहीत, तिला नाही.

"मोठा टब देतोय रे. काकांचा फोन देऊन टाकू का? तसाही पडूनच आहे," तिनं फोनवर विचारलं.

"नको देऊस."

"मग काय करू, ते सांग."

'नको' म्हणायला अक्कल लागत नाही, पुढच्या प्रश्नाला लागते. मी आधी तिला भीती घातली, तेवढी तरी माहिती माझ्याकडे होती. २०२४ मध्ये तेलंगणात रामगुंडमच्या पोलिसांनी अशाच बोहाऱ्यांची एक टोळी पकडली. प्लॅस्टिकच्या वस्तू देऊन गावोगाव जमवलेले सुमारे ४००० जुने फोन गोण्यांमध्ये भरलेले सापडले. पोलिसांचं म्हणणं असं, की त्यातले बोर्ड आणि सुटे भाग झारखंडकडच्या सायबर भामट्यांना पोचवले जाणार होते. म्हणजे आपल्याला ओटीपी विचारणारा फोन कदाचित आपल्याच गल्लीतून गेलेला असायचा! सगळेच टबवाले तसे नसतात, बहुतेक जण पोटासाठी उन्हात फिरणारे असतात. पण फोन पुढे कुठे जातो हे त्यांनाही विचारून कळणार नाही.

तो पुढे कुठे जातो, हे मात्र बऱ्यापैकी ठाऊक आहे. दिल्लीचं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद ही त्यातली दोन मोठी ठिकाणं. मुरादाबाद पितळेच्या भांड्यांचं गाव. धातू वितळवण्याचा पिढीजात हात तिथे होताच, तोच पुढे सर्किट बोर्डांकडे वळला. बोर्ड जाळायचे, राख चाळायची, उरलेलं आम्लात बुडवायचं आणि तांबं, सोनं हाताला लागेल तेवढं काढून घ्यायचं. धूर त्या माणसांच्या छातीत जातो आणि काळी राख रामगंगेच्या काठावर पडते. हाती काय येतं? नीट, कारखान्यात गाळले तर १० लाख फोनमधून ३४ किलोच्या आसपास सोनं, साडेतीनशे किलो चांदी आणि सोळा टन तांबं निघतं, असा एक नेहमी दिला जाणारा हिशेब आहे. म्हणजे काकांच्या फोनमध्ये काही शे रुपयांचं सोनं, तेही निघालं तर. टबाचा सौदा त्या मानानं अगदी लुटीचा नव्हता, हे मी मावशीला सांगितलं नाही.

जपान्यांनी हेच काम देशभर मोहीम काढून केलं. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी त्यांनी २०१७ ते २०१९ या काळात लोकांकडून सुमारे ६२ लाख जुने मोबाइल आणि जवळजवळ ७९,००० टन इतर छोटी उपकरणं गोळा केली. त्यातून ३२ किलो सोनं निघालं आणि सगळी, म्हणजे ५००० च्या आसपास पदकं त्याच धातूंची घडवली. नीरज चोप्राच्या भाल्यानं जिंकलेल्या सुवर्णपदकात ओसाकाच्या एखाद्या आजीबाईंचा घडीचा फोन असणार, या कल्पनेनं मला अजूनही गुदगुल्या होतात. (सुवर्णपदकात सोनं सहा ग्रॅमच्या आसपासच असतं, बाकी चांदी. आपल्याकडच्या सोनाराला हे पटणार नाही.)

पण सोन्याच्या या गोष्टींनी एक घोटाळा होतो. जुना फोन म्हणजे खाण, ती खणायची, एवढंच डोक्यात राहतं. फोनची खरी किंमत तो फोन असण्यात आहे. त्याच्यासाठी जी वीज जळते, जे खनिज उपसलं जातं, त्यातला बहुतेक भाग तो आपल्या हातात येण्याआधीच खर्च झालेला असतो. आपण रोज रात्री चार्जिंगला लावतो ती वीज त्यापुढे किरकोळ. बॅटरीतला कोबाल्ट घ्या. जगातला बहुतांश कोबाल्ट काँगोतून येतो आणि तिथल्या काही खाणींत माणसं हातानं माती उकरतात. एवढ्या खटपटीनं बनलेली वस्तू तीन वर्षं वापरली की पाच, याला म्हणूनच महत्त्व आहे. गाळणं ही शेवटची पायरी. त्याआधीच्या दोन-चार पायऱ्या आपण सरळ ओलांडतो, आणि वाटेत थांबतो तो खणाशी.

तो खण कपाटाचा, टीव्हीखालचा किंवा आईच्या मशीनचा असतो, आणि त्यावरचा मंत्र एकच : असू दे, लागेल. मला वाटायचं ही आपली मराठी मध्यमवर्गीय खोड. दह्याचे डबे, श्रीखंडाचे डबे, साड्यांच्या खोक्यातले पुठ्ठे जपणारी माणसं आपण, फोन कसा टाकू? पण २०२२ मध्ये युरोपातल्या सहा देशांत घरोघरी जाऊन विचारलं, की न वापरलेली उपकरणं ठेवलीत कशाला, तेव्हा ४६ टक्के लोकांनी हेच सांगितलं : पुढेमागे वापरू. तेव्हा आपण एकटे नाही. फक्त आपल्याकडे त्या 'लागेल'ला नैतिक तेज असतं. टाकलं नाही म्हणजे कचरा केला नाही, असं आपण मनाशी ठरवून मोकळे होतो.

खणात फोन टिकत नाही, गोम आहे ती इथे. लोणच्यासारखा तो मुरतही नाही. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरून महिनोन्‌महिने पडली की तिची तब्येत बिघडते. कधी ती फुगते आणि मागचं झाकण वर उचलते. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकायची नाही. कचऱ्याच्या गाडीत आग लागायला तेवढी एक पुरते. बॅटरी शाबूत राहिली तरी आतलं सॉफ्टवेअर शिळं होतं. अँड्रॉइड ५ च्या खाली व्हॉट्सॲप आता चालत नाही, आणि बँकेची ॲप त्याहूनही नखरेल.

माझ्याच खणात दोन टोकांचे दोन फोन आहेत. एक नोकिया ११००, २००३ साली आलेला, टॉर्चवाला. जगात २५ कोटींहून जास्त खपला. त्याला लागणारं टूजी नेटवर्क आपल्याकडच्या काही कंपन्यांनी अजून चालू ठेवलंय, तेव्हा सिम घातलं तर आजही वाजेल. दुसरा त्याच सुमाराचा सीडीएमए, म्हणजे वेगळ्याच पद्धतीच्या नेटवर्कवर चालणारा हँडसेट, ५०१ रुपयांत घरी आलेला. त्या वर्षी भाजीवाल्यापासून भटजींपर्यंत सगळ्यांकडे तो होता. दिसायला आजही नवा. पण सीडीएमएचं नेटवर्कच बंद झालं. माणूस धडधाकट आणि त्याचं गावच धरणात गेलेलं, असा तो. त्याचं आता काहीही होऊ शकत नाही, आणि हे मला तेव्हाच कळायला हवं होतं असंही नाही. काही फोन खरोखरच गाळायचे असतात.

अगदी ताजे-ताजे ठेवलेले फोन मात्र वेगळे. टाळेबंदीत, २०२० च्या जूनमध्ये शाळा मोबाइलवर आल्या तेव्हा आमच्या सोसायटीत एक गोष्ट घडली. पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या घरी दोन मुलं आणि फोन एक, तोही नवऱ्याबरोबर दिवसभर बाहेर. त्यांनी एका घरी विचारलं, त्या बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, आणि तासाभरात कपाटं उघडली. इतके फोन निघाले की वॉचमनच्या टेबलावर मांडून ठेवावे लागले. शिक्षक, संस्था, नगरसेवक सगळेच त्या दिवसांत जुने फोन मागत होते. पण टेबलावरच्या फोनची छाननी केली तेव्हा खरी मौज झाली. दोन-तीन वर्षांपूर्वी ठेवलेले फोन एका चार्जिंगमध्ये उठले, वर्ग त्यांच्यावर चालला. त्याआधीचे कण्हत सुरू व्हायचे, व्हिडिओ सुरू झाला की गरम होऊन बंद पडायचे. जे सगळ्यात जपून, मूळ खोक्यात, प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवले होते ते सगळ्यात निकामी. ते ठेवले त्या वर्षी कुणी मागायला आलं असतं तर?

कुणी येत नाही, हीच तर अडचण आहे. कायद्याचं म्हणाल तर १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. आपण विकलेल्या मालाच्या प्रमाणात कचरा गोळा करून त्यावर नोंदणीकृत ठिकाणी प्रक्रिया होईल हे बघणं उत्पादकांवर बंधनकारक आहे. चांगलंच आहे. पण ते नियम टनांत आणि प्रमाणपत्रांत बोलतात, त्यांना मावशीचं कपाट दिसत नाही. मोटरसायकलवाल्याला दिसतं. या संपूर्ण व्यवस्थेत दारापर्यंत येणारा तो एकटाच, आणि याचं मला नाही म्हटलं तरी कौतुक वाटतं.

शेवटी काकांचा फोन मीच पुण्याला आणला आणि आमच्या नेहमीच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराकडे नेला. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, पण हात सोन्याचा. फोन त्यानं चार्जरला लावला, उघडझाप करून बघितला.

"काका, सेट ओके आहे. पॅटर्न सांगा."

पॅटर्न काकांबरोबर गेला होता. मावशीला विचारलं तर म्हणाली, "ते असं बोट फिरवायचे खरं, पण मी कशाला बघतेय!"

त्या पोरानं मग मला धडा दिला. बटणं दाबून फोन रीसेट केला तरी चालू झाल्यावर तो जुन्या मालकाचं गूगल खातं मागतो. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून ही सोय, पण ती वारसालाही चोरच समजते. आयफोनचंही तसंच. म्हणून फोन दुसऱ्याला द्यायचा तर हयातीत, शुद्धीत, सेटिंगमध्ये जाऊन आपलं खातं काढायचं आणि मगच रीसेट मारायचा. त्याच्याकडे म्हणे दर आठवड्याला असे ठणठणीत, कुलूपबंद फोन येतात. "लोक सिम काढतात, कार्ड काढतात, खातं तसंच ठेवतात. मग मी काय करणार? सुटा करणार."

सुटा करणं मी पहिल्यांदाच नीट बघितलं. फोल्डर, म्हणजे काच-टच-डिस्प्ले एकत्र, उत्तम निघाला. त्याच मॉडेलचा फुटका फोन दुरुस्तीला आलाच होता, त्याला तो बसला. कॅमेरा, स्पीकर, चार्जिंगचा छोटा बोर्ड असं एकेक डबीत गेलं. मुख्य बोर्डही त्यानं ठेवला, त्यावरचा एखादा आयसी, म्हणजे चिप, गरम हवेनं उचलून दुसऱ्या बोर्डावर लावता येतो. टाकायला उरलं ते मागचं पॅनेल आणि दमलेली बॅटरी. बॅटरीच्या टोकांना त्यानं टेप लावली आणि वेगळ्या डब्यात ठेवली. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेकडे ई-कचरा देता येतो, तिकडे ती जाणार. एका फोनमधला एवढा भाग दुसऱ्या फोनमध्ये जिवंत राहतो हे कुठल्या पदकाच्या गोष्टीत सांगत नाहीत.

मावशीला कळवलं. मला वाटलं फोटो गेले म्हणून हळहळेल. ती म्हणाली, "नातवंडांचे फोटो माझ्याकडे आहेत. त्यांच्याकडे नुसते गुड मॉर्निंगचे गुलाब होते." मग जरा थांबून, "माझा पॅटर्न लिहून ठेव रे. इंग्रजी झेड. उलटा."

त्या पोराकडे मी माझा ११०० पण दाखवला. बॅटरी नवी मिळाली, कारण तीच बीएल-५सी हल्ली स्वस्तातल्या रेडिओंना आणि स्पीकरना लागते. मावशीच्या शेतावर राखणीला असणाऱ्या दादांना तो हवाय, टॉर्चसाठी आणि चार्जिंग बरेच दिवस टिकतं म्हणून. अडलंय फक्त चार्जरवर. घरात वायरींचा गुंता मुबलक आहे, पण त्यात सगळे नोकियाच्या बारीक पिनचे, आणि ११०० ला लागते जाड पिन. तुमच्या खणात असेल, तर बघा.