आजीची शिदोरी

आमच्या गावात मिस्सा, म्हणजे आम्हा कॅथलिकांची ख्रिस्तप्रसादाची उपासना, महिन्यातून एकदाच होते, दुसऱ्या रविवारी. पॅरिश, म्हणजे फादरांचं मुख्य चर्च, लांब, फादरांकडे अशी बरीच गावं, म्हणून बाकीच्या रविवारी धर्मशिक्षण देणारे आमचे कॅटेकिस्ट भाऊ शुभवर्तमान वाचतात, आम्ही प्रार्थना म्हणतो आणि घरी येतो. शेजारचे लोक कधीकधी आपुलकीनं विचारतात की तुमचा तो प्रसाद म्हणजे नेमकं काय असतं, तर मी सांगतो की दिसायला ती गव्हाची पातळ चकती, त्यात गहू आणि पाणी एवढंच, खमीर नाही, पण मिस्सात फादर येशूचे शब्द उच्चारतात त्यानंतर आमच्यासाठी तो स्वतः येशूच असतो, नुसती त्याची खूण नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, १९६४ साली मिस्साबलिदानाला सगळ्या ख्रिस्ती जीवनाचा उगम आणि शिखर म्हटलं. फादर प्रवचनात हे सांगतात, पण आमच्या सपाट काळ्या रानात शिखर कुठं दिसतं, मला तरी ती गोष्ट शिदोरीवरून कळली. आजी कापूस वेचायला निघताना फडक्यात ज्वारीची भाकर, ठेचा नि कांदा बांधायची, आणि दुपारी लिंबाखाली ते खाल्लं की संध्याकाळपर्यंत पाठ वाकवायची ताकद यायची. ख्रिस्तप्रसाद तसाच आहे, रविवारी हातात मिळतो आणि मंगळवारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कामी येतो.

धुऱ्यावरून आठवलं. चुलतभावाशी माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं, नांगराच्या दोन ओळींएवढ्या जमिनीवरून, त्यानं धुरा कोरला असं माझं म्हणणं आणि मी कोरला असं त्याचं. प्रार्थनामंदिर म्हणजे एक खोली, तीसेक माणसं बसतात, तो उजवीकडे भिंतीशी आणि मी डावीकडे. येशूनं मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितलंच आहे की अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर, मी ते शंभरदा ऐकलं होतं. एका रविवारी मिस्सात शांतीची खूण म्हणून सगळे एकमेकांकडे वळले तेव्हा त्याच्याकडे पाठ करून उभं राहणं मला जमलं नाही, कारण दोन मिनिटांनी आम्ही दोघं एकाच रांगेत एकाच भाकरीसाठी उभे राहणार होतो. हात जोडले, त्यानंही जोडले. धुऱ्याचं भांडण त्या दिवशी मिटलं नाही, मोजणी नंतर झाली, पण बोलणं त्या दिवसापासून सुरू झालं.

आता आजीचं सांगतो. तिच्या लहानपणी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नव्हता, १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी पाण्याची मोकळीक दिली आणि १९६४ पासून उपास एका तासावर आला, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना तर तोही बंधनकारक नाही. पण आजीनं जुनी सवय सोडली नाही. शेवटच्या पावसाळ्यात ती खाटेला खिळली होती, फादर येणार म्हटल्यावर तिनं सकाळपासून चहा घेतला नाही, आईनं कितीदा सांगितलं तर म्हणे, "आधी तो येऊ दे बाप्पा, मंग चाय."

रात्रभर पाऊस, रस्ता चिखलानं भरलेला, फादरांची मोटरसायकल फाट्यावरच थांबली. चुलतभावानं ट्रॅक्टर काढला आणि तो फादरांना घेऊन आला, फादरांनी शर्टाच्या आत छातीशी ती ख्रिस्तप्रसादाची छोटी पितळी डबी धरलेली. आईनं स्टुलावर पांढरं कापड, मेणबत्ती आणि क्रूस मांडून ठेवला होता. आजीला गिळणं होत नव्हतं, म्हणून फादरांनी नखाएवढा तुकडा मोडला आणि चमचाभर पाण्यात ठेवून तिला दिला. चर्चची शिकवणच आहे की सगळ्यात लहान तुकड्यातही येशू पूर्ण असतो, मला ते वाक्य पाठ होतं पण त्या चमच्याकडे बघेपर्यंत समजलं नव्हतं. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला देतात त्या ख्रिस्तप्रसादाला लॅटिनमध्ये व्हियाटिकुम म्हणतात, वाटेसाठीची सामग्री, म्हणजे आपली शिदोरीच की. आजीची बोटं कापसाच्या बोंडांनी चिरून चिरून काळी झालेली, तिनं ती कपाळाला लावली, क्रूसाची खूण पूर्ण झाली नाही, आईनं तिचा हात धरून पूर्ण केली.

नंतर तिनं दोन घोट चहा घेतला. आईनं चमचा धुतला आणि ते पाणी मोरीत न टाकता अंगणातल्या जास्वंदीच्या मुळाशी ओतलं. चुलतभाऊ दारातच उभा होता, पाय चिखलानं भरले म्हणून आत येत नव्हता, मी म्हटलं ये ना रे, आणि तो तसाच आत येऊन आजीच्या पायाशी बसला.