बांधी, अंक ३: सात सेकंदांची नऊ पानं

माझ्या 'बांधी' या कॉमिकच्या तिसऱ्या अंकाचे गठ्ठे एसटीतून उतरवले तेव्हा भाऊबीज चार दिवसांवर होती. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडे भरणाऱ्या जत्रेच्या आधी अंक हातात पडला, हे 'बांधी'च्या बाबतीत पहिल्यांदाच झालं. आत ३२ पानं, वर कव्हर, ए-५ आकार, ३०० प्रती, किंमत ६० रुपये. दुसऱ्या अंकाला चौदा महिने लागले होते, हा अकरा महिन्यांत झाला. त्यातले पाच महिने एकाच प्रसंगावर गेले, म्हणून आज बहुतेक त्याबद्दलच लिहितो.

आधीचे अंक ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. धुऱ्यांनी, म्हणजे मातीच्या बांधांनी बंदिस्त केलेल्या धानाच्या तुकड्याला आमच्याकडे पूर्व विदर्भात बांधी म्हणतात. चुलबंद नदीच्या काठी उंचावर उभं राहिलं की सगळं शिवार लहानमोठ्या चौकटींच्या पानासारखं दिसतं, आणि धुरा फोडून वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत सोडतात तशी गोष्ट एका चौकटीतून दुसरीत उतरते. नाव तिथून आलं. पहिला अंक पऱ्ह्यांचा (धानाच्या रोपांचा) आणि रोवण्याचा (लावणीचा), दुसरा बोडीचा, म्हणजे शेततळ्याचा. तिसरा शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा आहे, नाव 'दान'. पटात जोड्या ज्या पट्ट्यावरून पळतात तिला दान म्हणतात.

गोष्ट एका धुरकऱ्याची, म्हणजे पटात जोडी हाकणाऱ्याची. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती बंद झाल्या, १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात अटींसह परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. माझी गोष्ट पहिल्या दोन तारखांच्या मधली. धुरकऱ्याच्या आयुष्यात साडेसात वर्षं काहीच घडत नाही, आणि त्याच्या आधी-नंतर जे घडतं ते मिनिटभरही चालत नाही.

पहिल्या कच्च्या आराखड्यात मी त्या साडेसात वर्षांना बारा पानं दिली होती. बैल म्हातारा होतो, छकडा विकला जातो, पोरगा नागपूरला कामाला जातो. शर्यतीला दोन पानं. सगळं सांगून झालं होतं, पण वाचताना आत काही हलत नव्हतं. जानेवारीत एका रात्री ते चौदाही कागद खोलीभर पसरले आणि उलटं करून पाहिलं: शर्यतीला नऊ पानं, वर्षांना दोन. त्या रात्री अंक सापडला असं मला अजूनही वाटतं.

वर्षांची दोन पानं समोरासमोरची आहेत. दोन्हींवर मिळून सोळा सारख्या चौकटी, सगळ्या एकाच जागेवरून पाहिलेल्या: पट भरायचा ती मोकळी जागा, बाजूला धुरा. एक चौकट मे महिन्याची, पुढची डिसेंबरची. मे २०१४ पासून डिसेंबर २०२१ पर्यंत मोजलं तर बरोबर सोळा भरतात, त्यासाठी मला काही ओढाताण करावी लागली नाही. मेमध्ये भेगाळलेली जमीन, डिसेंबरात कापलेल्या धानाची खुंटं आणि मागे पुंजणं (धानाचे रचलेले ढीग). एकही माणूस नाही, एकही शब्द नाही. फक्त धुऱ्यावर पळसाचं एक रोप आहे, ते पहिल्या चौकटीत वीतभर दिसतं आणि सोळाव्या चौकटीत त्याची फांदी चौकटीच्या वर गेलेली असते. वर्ष कुठेच लिहिलेलं नाही. वाचणाऱ्यानं मागे जाऊन पळस मोजावा, एवढंच मला हवं होतं.

आता नऊ पानं. गेल्या वर्षी एका पटात मोबाइलवर स्लो मोशनमध्ये एक जोडी टिपली होती. सात सेकंदांचा तुकडा, सेकंदाला २४० चित्रं, म्हणजे १६८० चित्रं. त्यातली चाळीस निवडून छापली आणि काचेखाली बल्ब लावून गिरवली. इतकी वर्षं मी पळणारा बैल काढायचो तो पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे ताणलेले, पोट जमिनीला समांतर. घोड्याच्या बाबतीत हीच चूक जुन्या चित्रकारांनी भरपूर केली आणि १८७८ मध्ये छायाचित्रकार मायब्रिजच्या फोटोंनी ती उघडी पाडली: दौडीत चारही पाय जमिनीवरून उचललेले असतात ते पोटाखाली गोळा झाल्यावर, ताणल्यावर नाही. हे मी वाचलेलं होतं, तरी हात जुन्याच वळणानं जात होता. माझ्या तुकड्यात बैलाचंही तेच दिसलं. पाय पोटाखाली गोळा होतात, वशिंड जुवाला टेकून वर येतं, आणि त्या क्षणी एवढं मोठं जनावर हलकं दिसतं. तो क्षण काढायचा म्हणून मी हा अंक केला म्हटलं तरी चालेल.

दोन बैलांचे आठ पाय एकमेकांत गुंततात, हा रेखाटनातला सगळ्यात मोठा त्रास. पलीकडच्या बैलाला अर्ध्या जाडीची रेघ आणि पायांत काळं भरणं टाळणं, एवढ्यानं बरंच सुटलं. उरलेलं सुटलं ते जोडीचे बैल एकाच वेळी एकच पाय टाकत नाहीत हे कळल्यावर. आधी मी एक बैल काढून दुसरा जवळजवळ तसाच थोडा सरकवून काढत होतो, त्यामुळे जोडी लाकडी वाटत होती.

वेगासाठी मी सुरुवातीला सगळ्यांसारख्या वेगरेषा मारल्या. सहा पानं शाईत झाल्यावर त्या सगळ्या पांढऱ्या रंगानं झाकल्या. वेग चौकटींच्या रुंदीत असतो, असं माझं आता पक्कं मत झालंय. शर्यतीच्या पहिल्या पानावर चार चौकटी आहेत, मग सहा, मग उभ्या चिंचोळ्या नऊ. डोळा धुऱ्यावरून धुऱ्यावर उड्या मारत जातो आणि त्याला थांबायला जागाच मिळत नाही. आणि मधल्या जोडपानावर एकच चौकट: आठही पाय वर, आवाज नाही, गर्दी नाही, धूळसुद्धा नाही. आधीच्या नऊ चिंचोळ्या चौकटी नसत्या तर हे मोठं चित्र नुसतं मोठं राहिलं असतं.

आवाजांचं सांगायचं राहिलं. पहिल्या कच्च्या पानांवर मी 'टप टप' लिहिलं होतं. ते डांबरी रस्त्यावर ठीक. कापणी झालेल्या बांधीच्या मातीवर खूर पडतो तेव्हा 'धब्' असा आवाज जमिनीतून येतो, कानाआधी पायांना कळतो. म्हणून तो शब्द चौकटीच्या खालच्या कडेला अर्धा कापून लिहिलाय.

संवादाच्या फुग्यांमधली भाषा या वेळी पूर्ण झाडी बोली, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली बोली आहे. पहिल्या अंकात मी घाबरून प्रमाण मराठी घातली होती आणि माझीच माणसं मला परकी वाटायला लागली होती. झाडीत 'ळ'चा 'र' होतो, 'ण'चा 'न' होतो. वाचणाऱ्याला दोन पानं अडखळायला होईल, तिसऱ्या पानापासून कान लागतो. अर्थाच्या तळटीपा मुद्दाम दिल्या नाहीत.

अक्षरं हातानंच. मूळ पान ए-३ वर, छपाईत ए-५, म्हणजे सगळं बरोबर निम्मं होतं. छापील अक्षर ३ मिलिमीटरचं हवं तर मूळ ६ मिलिमीटरचं काढायचं, आणि ०.२ च्या पेननं मारलेली रेघ छापताना ०.१ ची होते, हे कायम डोक्यात ठेवावं लागतं. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी कॅपिटल अक्षरं एका उंचीची, ओळी एकमेकींना चिकटून बसतात. आपल्याकडे वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. तेवढ्याच फुग्यात त्यांच्या चार ओळी बसतात तिथे आपल्या तीन. म्हणून मी आधी अक्षरं लिहितो, मग फुगा, आणि चित्र सगळ्यात शेवटी. शिरोरेषा पूर्ण ओळ झाल्यावर एका दमात ओढतो. ओरडण्याच्या जागी ती मध्ये तोडतो. म्हातारा कुजबुजतो तिथे शिरोरेषा दिलेलीच नाही, आणि ते पान मला फार आवडतं.

पावसाळ्यात शाईचं काम जवळजवळ थांबलं. कार्ट्रिज कागद ओल धरतो, निबची रेघ कडेनं फुटते. रोवण्याच्या दिवसांत तसंही घरात कोणाला बसायला वेळ नसतो. ऑगस्टपर्यंत फक्त पेन्सिल केली, कागद लोखंडी पेटीत.

छपाईत एक घोळ झाला तो सांगतो, कोणाला उपयोग होईल. नागपूरच्या एका प्रेसमध्ये नमुना प्रत काढली तर सगळ्या रेघा कडेला फुसफुशीत, भिंगातून बघितलं तर बारीक ठिपके. माझी पानं तिथे ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांची करून घेतली गेली होती, त्यामुळे शाईच्या रेघेलाही फोटोसारखी जाळी लागली. फाइल पुन्हा केली: १२०० डीपीआय, निव्वळ काळं-पांढरं, मध्ये कुठलाही करडा नाही. कव्हरवरच्या काळ्या रेघाही फक्त काळ्या शाईत ठेवल्या, चारही शाया एकावर एक पडून सरकू नयेत म्हणून. दुसरी प्रत आली ती जशी हवी तशी. प्रेसवाल्यांनी नमुन्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

त्या दुसऱ्या प्रतीवर शेवटचा हात फिरवला तो गावातल्या एका जुन्या धुरकऱ्यानं. आम्ही सगळे त्यांना आबाजी म्हणतो. चष्मा लावून त्यांनी एकेक पान बोटानं सरकवत पाहिलं. पळसाच्या पानांवर बराच वेळ थांबले, बोलले काही नाहीत. मग शर्यतीच्या तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. "कासरा असा नाई धरत गा बाबू. बोटाले गुंडारला तं बोट जाते." मी हात काढताना कासऱ्याचा एक वेढा बोटाभोवती दिला होता, दिसायला छान दिसतो म्हणून. त्यांनी चादरीची कड हातात घेऊन दाखवलं: कासरा तळहातातून जातो, अंगठा वरून दाबतो, सुटायची वेळ आली तर मूठ उघडली की मोकळं. त्या रात्री चार चौकटींमधले हात नव्यानं काढून मूळ पानांवर चिकटवले. आता तो प्रसंग वाचताना मला माणूस जास्त खरा वाटतो, कारण त्याच्या हाताला भीती माहीत आहे.

तुतारीबद्दल एकानं विचारलं होतं, म्हणजे बैलाला टोचायची ती खिळ्याची काठी. २०१४ च्या आधीच्या पानांत ती आहे, कारण ती होती आणि बंदी का आली हे त्याशिवाय कळत नाही. एका चौकटीत बैलाच्या मांडीवरची जखम जवळून काढली आहे. ती काढावी की नाही यावर मी आठवडाभर थांबलो होतो. शेवटच्या शर्यतीत धुरकऱ्याच्या हातात फक्त कासरा आहे.

मंडईत भांड्यांच्या आणि खेळण्यांच्या दुकानांच्या मधे सतरंजी टाकून बसलो. एका दिवसात ४१ अंक गेले. रात्री नाटकाला आलेली माणसं तंबूबाहेर दिव्याखाली उभी राहून वाचत होती, आणि एका बाईंनी घरच्या बैलाची खोड सांगून तो पुढच्या अंकात घालायला सांगितलं. तो येणार आहे.

चौथा अंक मामा तलावाचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचा. कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी (जमीनदारीसारखी जुनी व्यवस्था) गेली आणि त्यांच्या नावात 'माजी' आलं. कच्ची अकरा पानं झालीत. अडलोय ते पाण्यावर: स्वच्छ पाण्याखालची माती आणि वर पडलेलं पाळीचं (तलावाच्या बांधाचं) प्रतिबिंब, दोन्ही एकाच काळ्या शाईत दाखवायचं. सध्या जवळजवळ कोरडा ब्रश आडवा ओढून बघतोय, आणि त्यावर ब्लेडनं खरवडून. कोणी हे केलं असेल तर कुठला कागद खरवडणं सोसतो तेवढं सांगा.