द्रौपदीने मागितलेली पिन

अकोल्याच्या माणसाला कोकण म्हणजे समुद्र आणि मासे, एवढंच ठाऊक. मी तर मासेही खात नाही. त्यामुळे हॉस्टेलमधली मैत्रीण दरवर्षी "आमच्या जत्रेक चल" म्हणायची आणि मी दरवर्षी टाळायचे. शेवटी एका मार्गशीर्षात तिच्याबरोबर दादरहून तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसले आणि कुडाळला उतरले.

गाव कुडाळपासून आत, देऊळ सातेरीचं. तिकडे कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. संध्याकाळी बायका ओट्या भरायला रांगेत, बाहेर खाजं विकणाऱ्यांचे ढीग. बेसनाची जाड शेव, वर गुळाचा पाक आणि आल्याचा झणका. मी पाव किलो एकटीने संपवलं, हे मैत्रिणीच्या आईने नंतर सगळ्या वाडीला सांगितलं. जेवणं उरकल्यावर पोरं चटया घेऊन देवळापुढे जागा धरायला पळाली. रात्री पालखी फिरते, आणि त्यानंतर दशावताराचं नाटक, उजाडेपर्यंत.

मला आत डोकावायची खोड. पडद्यामागे पत्र्याच्या पेट्यांसमोर कलाकार मांडी घालून बसले होते आणि ज्याचं तोंड तोच रंगवत होता. मेकअपवाला वगैरे भानगडच नाही. एका बाजूला गणपतीपुढे उदबत्ती. हिरवं नऊवारी नेसलेले एक काका हातातल्या आरशात बघून भुवई कोरत होते. चाळिशी उलटलेली, मनगटं रापलेली. दिवसा रिक्षा चालवतात, असं मैत्रीण कानात कुजबुजली. दशावतारात बाईचं काम पुरुषच करतात. त्याला स्त्रीपार्टी म्हणतात, तलवारवाल्याला राजापार्टी.

"बाय, सेफ्टी पिन आसा काय गो तुझ्याकडे?"

माझ्या ओढणीला होती, काढून दिली. विचारलं, "काका, आज नाटक कोणतं?"

"अजून ठराक नाय."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण खरंच, कथा कोणती आणि कोण काय करणार, हे तिथेच बसून ठरलं. लिहिलेली संहिता नाही. गोष्ट सगळ्यांना पाठ, संवाद उभ्या उभ्या सुचतील तसे. आमच्या वऱ्हाडात लहानपणी दंडार हे लोकनाट्य पाहिलं होतं, त्यातही ऐनवेळच्या कोट्या असायच्या. पण इथे रात्रभराचं अख्खं नाटक असं उभं राहणार होतं!

आधी गणपती, मग मोरावरची सरस्वती, मग काळ्या कपड्यातला, लाल जीभ लोंबवणारा संकासुर. वेद पळवणारा हा राक्षस अस्सल मालवणीत पुढच्या रांगेतल्यांची अशी खेचत होता, की मला निम्मं कळत नसूनही हसू आवरेना. रंगमंचावर सामान म्हणजे एक लाकडी बाक. तोच सिंहासन, तोच पलंग, तोच डोंगर. बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज.

आख्यान ठरलं कीचकवधाचं. आमचे पिनवाले काका सैरंध्री, म्हणजे अज्ञातवासातली द्रौपदी, झाले. भर सभेत कीचकाने अपमान केला, ती विराटाकडे न्याय मागायला वळली, आणि नेमकं तेव्हाच पुढे कुणाच्या तरी मांडीवरचं तान्हं किंचाळून रडायला लागलं. आई बिचारी ओशाळून उठायला लागली. सैरंध्रीने हात करून तिला थांबवलं, बाळाकडे बघितलं आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "महाराज, माझं दुःख या लेकराला कळलं. आपल्या सभेला मात्र अजून कळत नाही."

पखवाजवाल्याने थाप दिली. माझ्या शेजारची आजी पदराने डोळे पुसत होती. मीही पुसले, खोटं कशाला बोलू? ते वाक्य लिहून ठेवलेलं असतं, तर इतकं लागलं नसतं.

पहाटे भीमाने बाकाभोवती गरगरत कीचकाला मारलं, तेव्हा मैत्रीण चटईवर घोरत होती. उजाडताना दहीहंडी फुटली. म्हणूनच तिकडे या सगळ्याला धयकालो, म्हणजे दहीकाला, म्हणतात.

चहाच्या टपरीवर काका भेटले. शर्ट-पँट, डोळ्यांत अजून काजळ.

"बाय, तुझी पिन."

"राहू द्या काका."

शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं. त्यांनी पिन तिथे लावली, उरलेला चहा घशाखाली ओतला आणि टेम्पोत चढले. रात्री दुसऱ्या गावची जत्रा होती.