एकाच गाडीच्या दोन पावत्या

जळगाव, बुधवार, रात्री साडेअकरा

सकाळी सावद्याच्या वजनकाट्यावरून फोन आला, "भाऊ, केळीची गाडी काट्यावर एकदाच चढली, मग पावत्या दोन कशा निघाल्या?" दोन्ही पावत्यांवर गाडीचा नंबर तोच, वजनही तेच, नोंदींच्या वेळांत मात्र पाच सेकंदांचे अंतर होते. तो पाचाचा आकडा पाहताच मी चपापलो, कारण तो माझाच होता.

काट्यावरचा संगणक आमच्या सर्व्हरशी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अंगभूत एक्सएमएल-आरपीसी लायब्ररीतून (नेटवरून दुसऱ्या संगणकाकडून काम करून घेणाऱ्या तयार कोडमधून) बोलतो. ती उत्तराची वाट पाहण्याला आपणहून कालमर्यादा घालत नाही, म्हणून नेट रेंगाळले की पडदा गोठून बसे. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या 'ट्रान्सपोर्ट' क्लासला, म्हणजे विनंत्या पाठवणाऱ्या भागाला, ठिगळ लावून पाच सेकंदांची कालमर्यादा (टाइमआउट) घातली आणि टाइमआउट झाल्यास विनंती पुन्हा पाठवण्याचीही सोय केली.

आज तपासताना पहिला तास वायाच गेला. मी कोडमध्ये छापायला सांगितलेली एकही ओळ दिसेना. शेवटी चालू असलेल्या कोडच्या फाइलीचा पत्ता छापला, तेव्हा पायथॉन भलत्याच फोल्डरमधली जुनी प्रत उचलतो आहे हे कळले. (हे मी पूर्वीही केले आहे.) मग लॅपटॉपवर छोटा सर्व्हर उभा केला, नोंद लिहून झाल्यावर उत्तर देण्याआधी त्याला सात सेकंद थांबवले, आणि दुसरी नोंद डोळ्यांदेखत पडली.

मूळ लायब्ररीही विनंती पुन्हा पाठवते, पण एकदाच, आणि जोडणी तुटल्याच्या मोजक्या चुकांपुरतीच. जपून ठेवलेली जोडणी थंड पडली असेल तर, असा हेतू तिथल्या टिपणीतच लिहिलेला आहे. टाइमआउट त्या यादीत नाही, याला मी तेव्हा उणीव समजलो होतो. परंतु उत्तर आले नाही म्हणजे काम झाले नाही असे होत नाही. नोंद पडून केवळ उत्तर अडकलेले असू शकते, आणि ते काट्यावरच्या संगणकाला कळण्याचा मार्ग नसतो.

आता प्रत्येक वजनाला विनंती पाठवण्यापूर्वीच काट्यावर एक यूयूआयडी (इतर कशाशीही न जुळणारा ओळख क्रमांक) मिळतो, पुनःप्रयत्नातही तोच जातो, आणि तो आधीच नोंदलेला असल्यास सर्व्हर जुनीच पावती परत करतो.

झोपण्यापूर्वी जुन्या नोंदींत तोच नंबर, तेच वजन आणि पाच सेकंदांचे अंतर असलेल्या जोड्या शोधल्या. तीन निघाल्या, त्यांतल्या दोन रावेरच्या. उद्या सकाळी काटा सुरू होण्याआधी तिकडे फोन करायचा आहे.